चोवीस तारखेची पंगत

शेफमामा ‘आमच्याकडे’ म्हणाले की ऐकणाऱ्याने क्षणभर थांबून अंदाज घ्यायचा, की हे देवगडबद्दल बोलतायत की इटलीबद्दल. ‘आमच्याकडे फणसाच्या भाजीत गरम मसाला घालत नाहीत,’ हे देवगड. ‘आमच्याकडे माशावर चीज किसत नाहीत,’ हे इटली. दोन्ही वाक्यं ते सारख्याच अधिकाराने आणि सारख्याच रागाने म्हणत. पैकी देवगड हे त्यांचं जन्मगाव. इटलीत त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं, अगदी विमान बदलण्यापुरतंसुद्धा नाही. पण म्हणून इटलीबद्दल त्यांच्याशी वाद घालायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती.

दुबईला ते आले तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होते. एका मोठ्या हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला लागले. तिथला मुख्य शेफ मांतोव्हा नावाच्या गावचा एक म्हातारा इटालियन होता. मामा त्याचा उल्लेख नेहमी ‘आमचा म्हातारा’ असाच करायचे. म्हातारा दिवसभर ओरडायचा, चुकलेलं पातेलं सरळ मोरीत ओतायचा आणि रात्री ओरडलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पाव कापून द्यायचा. त्याच्या हाताखाली मामा भांड्यांवरून भाज्यांवर आले, भाज्यांवरून पिठावर, पिठावरून शेगडीवर. म्हातारा मायदेशी परतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता रोमहून नवा साहेब येणार. कुणी आला नाही. ते किचन पुढे सोळा-सतरा वर्षं देवगडच्या माणसाने चालवलं. मी हे ज्याला त्याला सांगत असे, आणि सांगताना माझीच कॉलर ताठ व्हायची. वास्तविक त्यात माझं कर्तृत्व काय, तर मी बटाटेसुद्धा नीट सोलू शकत नाही.

एकदा मी त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक इटालियन कुटुंब जेवत होतं. जेवण झाल्यावर त्यांनी शेफला भेटायचं आहे असं सांगितलं. मामा पांढऱ्या कोटात, हात पुसत बाहेर आले. त्या लोकांनी त्यांच्याकडे बघून हसून मान हलवली आणि त्यांच्या पाठीमागे बघायला लागले, शेफ अजून का येत नाही म्हणून. मामांना याची सवय असावी. ते शांतपणे उभे राहिले आणि मग त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. उच्चार थेट मालवणी, पण शब्द बहुधा बरोबर असावेत, कारण त्या कुटुंबातली आजी उठली आणि तिने मामांचे दोन्ही हात हातात घेतले. ‘काय म्हणालात?’ असं मी नंतर विचारलं. मामा म्हणाले, ‘काय म्हणणार? म्हटलं, मीच तो, आणि मीठ कमी पडलं असेल तर आत्ताच सांगा.’

आमची ओळख मात्र अपमानातून झाली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत खाद्यपदार्थांचे स्टॉल होते. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मसाला पास्ता केला होता. कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, पावभाजी मसाला आणि वरून अमूल चीज. चांगली रांग लागली होती. मामा रांगेतून आले, बशी घेतली, उभ्याने न खाता कुठूनतरी खुर्ची शोधून आणली, बसून सावकाश सगळा पास्ता संपवला आणि बशी परत देताना म्हणाले, ‘बाय, उपमा बरा झालाय.’ मेधा दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिने मंडळातून त्यांचा नंबर मिळवला आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी त्यांना बोलावून विचारलं, ‘मग खरा पास्ता कसा करतात, ते दाखवा.’ त्यानंतर मामांची साप्ताहिक सुट्टी आमच्याच स्वयंपाकघरात जायला लागली. पहिल्याच वेळी आमच्या मुलीने, सईने, केचपची बाटली पुढे केली होती. आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. पण लहान मुलांवर त्यांचा राग कधी निघत नसे. ते म्हणाले, ‘पहिला घास माझ्या पद्धतीने खा. मग बाटली तुझी.’ सईने खाल्लं आणि ‘Okay, it’s actually nice,’ म्हणून बाटली स्वतःच फ्रिजमध्ये ठेवून आली. हा विजय मामांनी पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवला.

त्यांचा खरा राग होता तो आपल्या सणासुदीच्या खाण्यावर. डिसेंबर आला की दुबईत जिथे-तिथे ब्रंच सुरू होतात. एका वर्षी मी मोठ्या हौसेने मामांना एका हॉटेलात ब्रंचला घेऊन गेलो. माझी पद्धत इतर चार जणांसारखीच. एकाच ताटात बिर्याणी, तिच्या कडेला सुशी, त्यावर रेललेला पास्ता आणि उरलेल्या जागेत गुलाबजाम. मामा माझ्या ताटाकडे बघतच राहिले. ‘ह्या काय?’ त्यांनी विचारलं. राग आला की ते मालवणीवर यायचे. ‘मेल्या, जबल अलीला कंटेनर भरतोस, म्हणून ताट पण तसंच भरायचं?’ मी जबल अली बंदरावर लॉजिस्टिक्समध्ये आहे, त्यामुळे टोमणा अगदी नेमका बसला. त्यांनी स्वतः काय केलं, तर एक वाटी सूप आणलं. ते संपवलं, थोडा वेळ गप्पा मारल्या. मग उठून एक माशाचा तुकडा आणला. पुन्हा गप्पा. मग थोडी हिरवी पानं, मग एक संत्रं. दोन तासांनी मी पोट धरून खुर्चीत कलंडलो होतो आणि मामा ताजेतवाने होते. ‘सणाला जास्त खायचं नसतं रे,’ ते म्हणाले, ‘जास्त वेळ खायचं असतं. आमच्याकडे नाताळला लोक दुपारी बसतात ते दिवे लागल्यावर उठतात. एक वस्तू आली, संपली, मग दुसरी. मधे भांडणं, गाणी, म्हाताऱ्यांच्या त्याच त्या गोष्टी. पोट बिघडत नाही कुणाचं.’

त्या वर्षीपासून आमच्या घरात सणाचं जेवण टेबलावर एकदम मांडणं बंद झालं. दिवाळीला आमच्याकडे येणारे लोक सुरुवातीला बावरायचे. आधी फक्त कोशिंबीर आणि पापड? बाकीचं कुठे आहे? येईल, येईल, मेधा म्हणायची. माझं पोट तेव्हापासून आटोक्यात आहे. त्याचं श्रेय मी जिमला देतो, पण ते खरं नाही.

हे सगळं सांगणाऱ्या मामांनी स्वतः सणाचं जेवण किती वेळा घेतलं होतं? हा प्रश्न मला बरीच वर्षं सुचलाच नाही. सुचला तो मेधाला. काही वर्षांनी एका नोव्हेंबरात त्यांची नोकरी संपली. हॉटेलची खोली सोडावी लागली. व्हिसाची मुदत जानेवारीपर्यंत होती, म्हणून शेवटचे काही आठवडे ते आमच्या हॉलमध्ये राहायला आले. आता ते कायमचे देवगडला आहेत, पण तेव्हा त्यांच्या दोन बॅगा आमच्या टीव्हीखाली होत्या. एका सकाळी चहा पिताना मेधाने सहज विचारलं, ‘मामा, इतकी वर्षं नाताळच्या चोवीस तारखेला तुम्ही कुणाकडे जेवायचात?’ मामा हसले. ‘चोवीस तारखेला? बाय, चोवीसला, पंचवीसला, एकतीसला माझी ड्यूटी. दिवाळीला ड्यूटी, ईदला ड्यूटी. गावाला रजा मिळायची ती मे महिन्यात. आम्ही स्टाफ चार वाजता उभ्याने गिळून घ्यायचो, कारण सहाला पाहुणे यायचे.’ मग म्हणाले, ‘सगळ्या जगाची पंगत बसवली. माझी बसायची राहिली.’ आणि लगेच, हे वाक्य आपण बोललोच नाही असं दाखवत, कपबशी धुवायला उठले.

मेधाने तिथल्या तिथे जाहीर केलं. या चोवीस तारखेला मामांची पंगत आमच्या घरी. मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांचा चेहराच बदलला. नाताळच्या आदल्या दिवशी इटलीत मटण-कोंबडी वर्ज्य असते, त्यांचा तो उपासच. पण उपास म्हणजे मासे चालतात. मग एकामागून एक माशांची ताटं येत राहतात. मामांनी कालवं, माकुल, सुरमई अशी आखणी मनात सुरू केली. आमच्या वरच्या मजल्यावर कुलकर्णी वहिनी राहतात, त्यांना आणि कुलकर्ण्यांना आमंत्रण दिलं. जबल अलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा दाजी मामांच्या शेजारच्या गावचा. त्याला सांगितलं. माकुल म्हटल्यावर दाजी फोनवरच म्हणाला, ‘यल्ला मामा, चला, मी आत्ताच निघू काय?’

आणि मग कुलकर्णी वहिनी खाली आल्या. ‘मेधा, अगं चोवीस तारखेला गुरुवार आहे. मार्गशीर्षातला.’ आमच्या लक्षातच आलं नव्हतं. वहिनींचा गुरुवारचा उपास, संध्याकाळी घट, पूजा, आणि मग उपास सोडायचा तो कांदा-लसणाशिवाय. मासे तर त्यांच्या घरात अख्खा मार्गशीर्ष येत नाहीत. मेधाही गुरुवार करते, पण ती पुण्याची असल्यामुळे तिने तो मनातल्या मनात पुढे ढकलायची तयारी लगेच केली. वहिनी तसल्या नव्हेत. ‘तुम्ही खा बाई निवांत,’ त्या म्हणाल्या, ‘मी नंतर येऊन बसेन नुसती.’

मी व्यवस्थापनाचा माणूस. मी लगेच तोडगा काढला. एका बाजूला व्हेज काउंटर, दुसऱ्या बाजूला नॉनव्हेज काउंटर, ज्याने त्याने घ्यावं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचा खाली ठेवला. ‘चोवीस तारखेला काउंटर? म्हणजे परत हॉटेल? तसं असेल तर खलास. मी नको म्हणतो ते जेवण. एका टेबलावर एकच जेवण. सगळ्यांच्या पुढ्यात तेच. नाहीतर ती पंगत नाही, ती कॅन्टीन.’ आणि ते बाल्कनीत जाऊन बसले. दोन दिवस त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही. मेधाला भीती वाटायला लागली, की हा माणूस एवढी एकच गोष्ट मनात घेऊन बसला होता आणि तीही न होता देवगडला जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा बाजारातून एक भला मोठा लाल भोपळा घेऊन आले. खांद्यावर. ‘मासे हे समुद्राकाठचं,’ ते दारातूनच म्हणाले. ‘आमच्या म्हाताऱ्याच्या गावाला समुद्रच नाही. त्याची आई चोवीसला भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली करायची. भोपळा, बदाम, जायफळ, चीज. वरून नुसतं लोणी आणि सेज नावाच्या वासाच्या पाल्याची पानं. कांदा नाही, लसूण नाही. मी विसरलोच होतो. पाहुण्यांना मासे पाहिजेत म्हणून इतकी वर्षं मासेच करत आलो ना.’ तोर्तेल्ली म्हणजे पिठाच्या पातळ पारीत सारण भरून मिटलेल्या आणि पाण्यात उकडलेल्या छोट्या पुड्या. मेधा म्हणाली, ‘म्हणजे भोपळ्याची करंजी.’ एरवी या वाक्यावर मामांनी तिला घराबाहेर काढलं असतं. त्या दिवशी म्हणाले, ‘होय तर. पण नीट मिटायची. पाण्यात फुटली तर बघ.’

एवढ्यावर भागलं असतं, पण मामा भागवणारे नव्हेत. ते स्वतःच वरच्या मजल्यावर गेले. मी सोबत होतो. ‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘तिकडे या पारीत अंडं असतं. तुम्हाला कळणार नाही, दिसणार नाही. पण असतं. आणि त्यांचं खरं चीज लावायला वासराच्या पोटातला रस वापरतात.’ वहिनींनी पदर तोंडाला लावला. ‘म्हणून मी अंडं घालणार नाही. इटलीच्या दक्षिणेकडे नुसता रवा आणि पाणी मळतात, तशी पारी करतो. चीज त्या रसाशिवायचं आणलंय, पाकीट हे बघा. तुमचा उपास आहे. पोटात काय जाणार ते आधी कळायला पाहिजे.’ जिन्यात मी त्यांना विचारलं, ‘मामा, तुम्ही कुठल्या गोष्टीत तसूभर बदल करू देत नाही. म्हाताऱ्याला हे पटलं असतं?’ मामा म्हणाले, ‘शिव्या घातल्या असत्या. मग बसून जेवला असता.’ मला त्या जिन्यात त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आम्ही पुण्याचे लोक असं करत नाही, म्हणून राहिलं.

चोवीस तारखेला दुपारपासून आमच्या डायनिंग टेबलावर पीठच पीठ झालं. मामा पारी लाटत, मेधा आणि वहिनी मिटत, वहिनी तर उपाशी पोटी. पहिल्या दोन-चार मामांनी परत उघडायला लावल्या, कारण आत हवा राहिली होती. नंतर वहिनींचा हात असा बसला, की मामा लाटायचे थांबून बघत राहिले. त्यांनी काहीच म्हटलं नाही. जिथे काही म्हणत नाहीत तिथे मामांची शाबासकी असते. दाजी जबल अलीहून आला, त्याने वास घेतला आणि विचारलं, ‘मामा, मासे नाय?’ ‘नाय.’ ‘एक पण?’ ‘दाजी, कामाला लाग.’ दाजी मुकाट्याने खुर्च्या मांडायला लागला.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि हॉल पुढच्या बागेत उघडतो. डिसेंबरची हवा छान होती, म्हणून दार उघडं ठेवून दोन टेबलं जोडून लावली. वरती वहिनींची पूजा झाली, त्यांनी आम्हाला सगळ्यांना कुंकू लावलं, मामांनाही. मग सगळे बसले. आधी संत्र्याच्या फोडी आणि बडीशेपेच्या ताज्या गड्ड्याचं सॅलड आलं. वहिनींनी आपली बशी पुढ्यात तशीच ठेवली, उपास त्या तोर्तेल्लींनीच सोडणार होत्या. बाकीच्यांचं संपेपर्यंत मामांनी दुसरं काही बाहेर येऊ दिलं नाही. मग तोर्तेल्ली आल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात खोलगट बशी, लोण्यात चमकणाऱ्या, वाफा निघणाऱ्या पुड्या. मामा आतबाहेर करत होते, खांद्यावर नॅपकिन. त्यांची खुर्ची टेबलाच्या टोकाला रिकामी होती.

‘मामा, बसा ना,’ मेधा म्हणाली.

‘तुम्ही चालू करा. गरम आहे तोवर खा. मी आहे इथे.’ आणि ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, भिंतीला एक खांदा टेकून. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल की आपण उभे आहोत. आयुष्यभर त्यांनी जेवणारी माणसं त्याच जागेवरून पाहिली होती.

कुलकर्णी वहिनींनी हातातला काटा खाली ठेवला. ‘मी आज सकाळपासून पाण्यावर आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘पंगत ज्याची आहे तो बसल्याशिवाय मी काही उपास सोडत नाही.’

‘अहो वहिनी, गार होईल! लोणी थिजतं!’

‘थिजू दे.’

मेधाने काटा ठेवला, कुलकर्ण्यांनी ठेवला, मी ठेवला. सईने ठेवला. ‘We’re waiting, Mama,’ ती म्हणाली. दाजीने नाइलाजाने, पण ठेवला. मामांनी एकदा टेबलावरच्या बशांकडे बघितलं. निवत चाललेलं ताट त्यांना कधी बघवत नसे. ‘माझ्या अजून पाण्यात टाकायच्यात,’ ते पुटपुटले. वहिनी उठल्या, त्यांच्या खांद्यावरचा नॅपकिन काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘ते मी बघते. तुम्ही बसा.’

मामा बसले. आतून वहिनींनी झाकण काढल्याचा आवाज आला तसे ते अर्धे उठले आणि ओरडले, ‘वर तरंगायला लागल्या की लगेच काढायच्या!’ आतून उत्तर आलं, ‘मी तीस वर्षं मोदक उकडते आहे, बसा खाली.’ ते परत बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग टेबलावर.

वहिनींनी बशी आणून त्यांच्या पुढे ठेवली, वरून लोणी सोडलं आणि मग स्वतःच्या जागेवर बसून, हात जोडून, पहिला घास घेतला. आम्हीही सगळ्यांनी घेतला. नंतर मात्र आम्ही मामांकडेच बघत होतो. पारी जाड झाली, मीठ कमी पडलं, एखादी फुटली, काहीतरी निघणारच होतं. मामांनी काटा उचलला. एकेक करून त्यांनी सगळ्या खाल्ल्या, घाई न करता. मधे मान वर करून टेबलाभोवती एकदा नजर फिरवली आणि परत खायला लागले. पावाच्या तुकड्याने बशी स्वच्छ पुसून घेतली.

‘मामा,’ मी न राहवून विचारलं, ‘कशी झाली?’

‘काय की रे,’ ते म्हणाले. ‘इतकी वर्षं चाखतच होतो. जेवलो आज.’

आणि त्यांनी ती रिकामी बशी दोन्ही हातांनी उचलून वहिनींच्या पुढे धरली.

‘वाढा.’